स्लाइस, बो आणि दुखरं डावं मनगट: एका हौशी गोल्फरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मी शिकवलेल्या, पुण्यातल्या एका हौशी गोल्फरचं आहे. नाव, क्लब, नोकरी काही देत नाही, इथे त्यांना एस. म्हणतो, आणि त्यांना विचारूनच लिहितोय. वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, उजव्या हाताने खेळतात, हँडिकॅप (कमी तितका खेळाडू चांगला) १९. गोल्फ चाळिशीत सुरू केलं, त्याआधी कॉलेज आणि क्लब लेव्हलला बरीच वर्षं क्रिकेट, ओपनिंग बॅट्समन. क्रिकेटचं मुद्दाम सांगतोय कारण पुढचं अर्धं प्रकरण तिथूनच निघतं.

आपल्याकडे रेंजवर (सरावाच्या मैदानावर) येणाऱ्या चाळिशीतल्या माणसांपैकी कितीतरी जण आधी क्रिकेट खेळलेले असतात, आणि त्यांची डाव्या हाताची ग्रिप बघितली की लगेच कळतं. बॅटिंगला वरचा हात असा धरायला शिकवतात की हाताची पाठ मिडऑफ-कव्हरकडे राहते, ड्राइव्ह मारताना मनगट घट्ट, पूर्ण फेस बॉलच्या रेषेत जितका वेळ ठेवता येईल तितका ठेवायचा. बॅट सपाट आणि जाड असते, तिथे हे बरोबरच आहे. गोल्फ क्लबचं, म्हणजे काठीचं, डोकं मात्र शाफ्टच्या (दांड्याच्या) एका बाजूला लटकलेलं असतं, त्यामुळे बॅकस्विंगमधे फेस आपोआप उघडतो आणि खाली येताना तो कुणीतरी बंद करावा लागतो. ते काम बऱ्याच अंशी डाव्या मनगटाचं आणि डाव्या हाताच्या कोपराखालच्या भागाचं. क्रिकेटरचा डावा हात वर्षानुवर्षं नेमकं हेच न करायला शिकलेला असतो.

एस. माझ्याकडे आले तेव्हा ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मोठा स्लाइस होता, म्हणजे बॉल उजवीकडे वळत जायचा, ७ आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) उंच जाऊन १२८ यार्डांवर मेल्यासारखं पडायचं, आणि डाव्या मनगटाला करंगळीच्या बाजूला दुखत होतं. त्यांना स्लाइसची काळजी होती, मला दुखण्याची.

अडचण

आधी मनगटाचं थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं समजेल. डावं मनगट हाताच्या पाठीकडे वाकलं की एक्स्टेन्शन, त्याला गोल्फर लोक कप म्हणतात. तळहाताकडे वाकलं की फ्लेक्शन, म्हणजे बो. कप केला की क्लबफेस उघडतो, बो केला की बंद होतो. याशिवाय अंगठ्याच्या बाजूला वर जाणं, ज्याला आपण हिंज म्हणतो, आणि खाली येताना परत करंगळीच्या बाजूला उलगडणं. आणि कोपराखालचा हात फिरतो ते वेगळं. स्विंगमधे हे सगळं एकाच वेळी चालू असतं, म्हणून नुसतं 'मनगट सरळ ठेवा' असं सांगून काही होत नाही.

पहिल्या दिवशी मनगटाला सेन्सर लावून आणि लाँच मॉनिटरवर (क्लब आणि बॉल मोजणारं यंत्र) काही हलके शॉट बघितले, दुखत असल्यामुळे अगदी मोजके. ॲड्रेसला (बॉलसमोर उभं राहिल्यावर) एक्स्टेन्शन १२ अंश, टॉपला (बॅकस्विंगच्या वरच्या टोकाला) ३९, इम्पॅक्टला (बॉलला लागताना) २४. म्हणजे बॉलला लागताना मनगट सुरुवातीपेक्षा जास्त मागे मोडलेलं. चांगल्या खेळाडूंचं साधारण उलट असतं, इम्पॅक्टला एक्स्टेन्शन ॲड्रेसपेक्षा कमी झालेलं असतं, हात बॉलच्या पुढे असतात, शाफ्ट पुढे झुकलेला असतो. यांचे हात मागे राहून क्लबहेड पुढे निघून जायचं, लॉफ्ट (फेसचा वर झुकलेला कोन) वाढायचा, म्हणून ते ७ आयर्न ९ आयर्नसारखं उडायचं.

ड्रायव्हरला पाथ (बॉलला लागताना क्लब जातो ती दिशा) ६ अंश बाहेरून आत, म्हणजे डावीकडे, आणि फेस टार्गेटच्या १ अंश उजवीकडे. बॉल सुरू कुठे होतो ते बहुतेक करून फेस ठरवतो आणि वळतो किती ते फेस आणि पाथमधल्या फरकावर, म्हणजे इथे ७ अंशांचा फरक. बॉल निघायचा बऱ्यापैकी सरळ आणि मग उजवीकडे जायचा तो जायचाच. पाथ बाहेरून आत का? कारण फेस उघडा आहे हे शरीराला माहीत असतं आणि ते आपसूक डावीकडे ओढतं. मूळ अडचण फेसची, पाथ त्याच्या मागोमाग आलेला.

त्यांच्या नेहमीच्या कॅडीने हे आधीच बघितलेलं होतं. पहिल्याच राउंडला मी बरोबर गेलो तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, साहेबांचा क्लब वर गेला ना की त्याचं नाक सरळ खाली जमिनीकडे बघतं, दुसऱ्या साहेब लोकांचं तसं नसतं." टॉपला टो (क्लबच्या डोक्याचं पुढचं टोक) खाली लटकणं म्हणजे उघडा फेस, याच्यापेक्षा नेमकं निदान मशीननेही दिलं नाही.

आता दुखणं. माझ्याकडे येण्याआधी काही महिने एस. यांनी व्हिडिओ बघून अमेरिकन प्रो डस्टिन जॉन्सनसारखा टॉपला बो करायचा प्रयत्न केला होता. विचार वरवर बघता चुकीचा नव्हता, उघडा फेस बंद करायचा तर बो करा. पण ग्रिप तीच ठेवली, वीक, डाव्या हाताची जेमतेम एक नकल (बोटाच्या मुळाचा सांधा) दिसणारी. अशा ग्रिपवरून फेस टार्गेटसमोर सरळ करायचा तर मनगटाला भरपूर फ्लेक्शनमधे जावं लागतं, आणि मग त्याच अवस्थेत पूर्ण वेगाने हात तळहात-वर फिरतो आणि मनगट करंगळीकडे उलगडतं. मनगटाच्या करंगळीच्या बाजूने एक टेंडन जातं, ईसीयू म्हणतात त्याला, आणि फ्लेक्शन, करंगळीकडे झुकणं आणि तळहात वर फिरणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. हे सगळं कडक मॅटवर, बॉलच्या मागे मारत, आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी. मॅटवर क्लब मागे लागला तरी सरकून पुढे जातो, बॉल बरा जातो, त्यामुळे चूक कळत नाही पण दणका मनगटाला बसतोच.

आधी शिकवायचं की आधी डॉक्टर?

पहिला निर्णय हाच होता. एस. यांना लगेच सुरू करायचं होतं, दोन महिन्यांनी कंपनीची टूर्नामेंट होती आणि ते म्हणाले, "सर, पेनकिलर घेऊन मारतो की." मी नाही म्हटलं. करंगळीच्या बाजूचं दुखणं अंगावर काढायचं नसतं, कारण त्याच जागी टीएफसीसी नावाचं कूर्चेचं आणि लिगामेंटचं जाळं असतं ते फाटू शकतं, आणि गोल्फरच्या डाव्या तळहातात ग्रिपचं टोक जिथे टेकतं तिथे हॅमेट नावाच्या छोट्या हाडाचा हुक मोडल्याच्याही केसेस असतात, साध्या एक्सरेत तो बरेचदा दिसत नाही. या सगळ्याचं दुखणं खेळणाऱ्याला सारखंच वाटतं. हाताच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवलं, एमआरआय झाला, फाटलेलं काही नव्हतं, ईसीयूला सूज होती. ६ आठवडे क्लब बंद, सुरुवातीला स्प्लिंट, मग फिजिओ. फिजिओमधला एक व्यायाम मला फार आवडला, हातोडीचा दांडा टोकाला धरायचा, हात टेबलावर टेकवायचा आणि हातोडी अगदी सावकाश एका बाजूला नेऊन परत आणायची. साधा आहे, पण फिरण्याच्या हालचालीत मनगटाला परत ताकद येते आणि दुखतंय का ते लगेच समजतं.

पर्याय

त्या ६ आठवड्यांत बसून आम्ही काय काय करता येईल ते नीट मांडलं.

एक, काहीच बदलायचं नाही. डावीकडे एम (नेम) करायचा आणि स्लाइस खेळायचा, ड्रॉकडे (बॉल किंचित डावीकडे वळवण्याकडे) झुकणारा ड्रायव्हर घ्यायचा. हसण्यावारी नेण्यासारखा पर्याय नाही हा, पन्नाशीला आलेल्या, आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या माणसासाठी कितीदा तोच योग्य असतो. पण यांचं इम्पॅक्टला मोडणारं मनगट तसंच राहिलं असतं आणि आयर्न कधीच सुधारली नसती.

दोन, बो परत करायचा, फक्त नीट शिकून. एस. यांचं मन याच्यावर होतं. त्यांचं म्हणणं, जॉन्सन २०१६ ची यूएस ओपन आणि २०२० ची मास्टर्स याच मनगटाने जिंकला, मोरिकावा आणि राह्म हे प्रो पण बो करतात, मग चूक काय? चूक काहीच नाही. पण जॉन्सनचं मनगट टॉपला बो झाल्यावर पुढे त्याची कंबर ज्या वेगाने उघडते ते बघा, तो वेग नसेल तर तोच बंद फेस हुक (डावीकडे जोरात वळणारा बॉल) मारतो. राह्मचा बॅकस्विंग छोटा आहे. प्रत्येकाचं बाकीचं शरीर त्या मनगटाशी जुळलेलं आहे. आणि दुसऱ्या टोकाला जुन्या काळचा अमेरिकन चॅम्पियन बेन होगन. त्याने १९५५ मधे लाइफ मासिकात आपलं गुपित म्हणून जे सांगितलं ते बरोब्बर उलटं होतं, ग्रिप वीक करा आणि टॉपला डावं मनगट कप करा. होगनला हुकचा त्रास होता, त्याला डावीकडे जाणारा बॉल बंद करायचा होता. स्लाइस मारणाऱ्याने होगनची ती नक्कल केली तर बॉल शेजारच्या फेअरवेवर. मला हे एस. यांच्या गळी उतरवायला वेळ लागला, पण एकदा उतरलं की पुढचं सोपं झालं: टॉपला मनगट कसं आहे हा प्रश्न ग्रिप कशी आहे हे विचारल्याशिवाय विचारायचाच नाही.

तीन, पाथ आधी सुधारायचा. बरेच जण हेच करतात, आतून बाहेर मारायचे ड्रिल देतात. फेस उघडा असताना पाथ उजवीकडे नेला तर बॉल आणखी उजवीकडे जातो, माणूस घाबरून दोन दिवसांत जुन्यावर येतो. नाही घेतला.

चार, ग्रिप स्ट्राँग करायची, म्हणजे डावा हात क्लबवर उजवीकडे फिरवून धरायचा, टॉपला थोडा कप राहिला तर राहू द्यायचा, आणि मनगट सपाट होण्याचं काम खाली येताना करायचं. यात मनगटाला टोकाच्या फ्लेक्शनमधे जावं लागत नाही, कारण फेसचं अर्धं काम ग्रिपनेच केलेलं असतं. डॉक्टरांना हालचाल करून दाखवली, त्यांनाही हेच बरं वाटलं. हाच घेतला.

काय केलं

ग्रिप बदलायला क्लब बंद असलेला काळ वापरला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. बॉल समोर असला की नवीन ग्रिप टिकत नाही, दोन शॉट वाईट गेले की हात गुपचूप जुन्या जागी जातो. घरी बॉलच नाही. स्प्लिंट निघाल्यावर फिजिओंना विचारून रोज टीव्ही बघताना क्लब नुसता धरायचा, सोडायचा, परत धरायचा. क्लब बोटांच्या मुळाशी, तळहाताच्या गादीच्या खाली, वरून बघितलं तर अडीच नकल्स दिसल्या पाहिजेत, अंगठा आणि तर्जनीतला व्ही उजव्या खांद्याकडे. त्यांचं जुनं ग्लव्ह मी मागून घेतलं होतं, गादीवर रुपयाएवढं भोक, बोटांची बाजू जवळपास नवी. क्लब तळहातात धरला की तो स्विंगमधे सरकतो आणि तिथेच घासतो. नवीन ग्लव्ह दिलं आणि सांगितलं की आता हे कुठे झिजतं ते बघत राहा, मी नसताना तुमचा कोच हेच.

परत रेंजवर आल्यावर पहिले काही आठवडे फक्त गवतावरून, कमरेपासून कमरेपर्यंतचे अर्धे स्विंग, वेज आणि ९ आयर्न हे कमी अंतराचे क्लब. इथे एक गंमतीदार अडचण आली. खाली येताना मनगट सपाट करायची हालचाल शिकवायला इंग्रजी व्हिडिओंमधे मोटरसायकलचं उदाहरण देतात, ग्रिप पिळा म्हणून. एस. यांनी ते ऐकलेलं होतं आणि आपल्याला माहीत आहे तसा ॲक्सिलरेटर पिळायला गेले, म्हणजे मनगट खाली आणि नकल्स आपल्याकडे. तो झाला कप. बरोब्बर उलटं. मग मी विचारलं, घरी चेतक होती का? होती, वडिलांची. जुन्या बजाजचे गिअर डाव्या हातात, पहिला वरच्या बाजूला आणि दुसरा-तिसरा-चौथा खाली, चौथ्यात टाकताना नकल्स पुढे आणि खाली जातात, मनगट वर उचललं जातं. डावा हात तोच आणि हालचाल पण तीच. "टॉपवरून निघालात की चौथा टाका," एवढंच सांगितलं. हवेत दोनदा हात पिळून बघितला आणि तिसऱ्या वेळी क्लब घेऊन केलं तर आवाजच बदलला, तो थपकन येणारा आवाज जाऊन कडक टक् असा, आणि बॉल कमी उंचीने निघाला. आजही ते कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलने '४' लिहून ठेवतात.

सेन्सरने मधे घोळ केला. स्ट्राँग ग्रिपने ॲड्रेसलाच एक्स्टेन्शन २८ दाखवायला लागलं आणि टॉपला ३४. एस. अस्वस्थ झाले, म्हणे आधी १२ होतं आता २८, आपण बिघडवतोय. पण स्ट्राँग ग्रिपमधे हात उजवीकडे फिरवून ठेवल्यावर ॲड्रेसला मनगट मागे मोडलेलं दिसणारच, तो ग्रिपचा आकडा आहे. बघायचं ते ॲड्रेसपासून टॉपपर्यंत किती वाढलं आणि इम्पॅक्टपर्यंत किती उतरलं. आधी टॉपला २७ ने वाढायचं, आता ६ ने. त्याचवेळी टॉपला फोनवर फोटो काढून दाखवला, टो आता जमिनीकडे बघत नव्हता, फेस डाव्या हाताच्या रेषेला समांतर. तरी आकड्यांचा नाद सुटेना म्हणून सेन्सर काही आठवडे काढूनच ठेवला.

डाव्या बाजूचे बॉल

हे येणार होतं आणि आलं. फेस बंद झाला पण पाथ अजून जुनाच, बाहेरून आत, त्यामुळे बॉल सरळ डावीकडे, पुल, कधी पुल-हुक. स्लाइसची वर्षानुवर्षं सवय असलेल्या माणसाला डावीकडचा बॉल फार घाबरवतो. कंपनीच्या टूर्नामेंटमधे पहिल्या दोन ड्रायव्हरपैकी एक डावीकडे ओबी (हद्दीबाहेर) गेला आणि चौथ्या टीवर त्यांनी ग्रिप जुनी केली. राउंड कसाबसा पूर्ण झाला, संध्याकाळी फोन, "सर, मला नाही जमत हे, परत जाऊ का?"

खरा निर्णय इथे होता. मी त्यांना सांगितलं की डावीकडे जाणं ही सुधारणेची खूण आहे, फेस ऐकायला लागला, आता शरीराला स्लाइस वाचवायला डावीकडे ओढायची गरज नाही हे कळायला थोडा वेळ द्या. पण नुसता धीर देऊन चालत नाही, कोर्सवर काहीतरी हातात लागतं. म्हणून ठरवलं की ड्रायव्हर महिनाभर बॅगेतून बाहेर, टीवरून ३ वुड (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब), एम नेहमीसारखा डावीकडे न करता फेअरवेच्या मधोमध, आणि रेंजवर बॉलच्या बाहेरच्या बाजूला हेडकव्हर ठेवून मारायचं म्हणजे बाहेरून आत आलात की ते उडतं. कंबर थोडी लवकर उघडायचं काम पण तेव्हाच घेतलं. पाथ स्वतःहून सुधारायला लागला, मी त्यावर वेगळं फारसं काही केलं नाही.

निकाल

पहिल्या भेटीनंतर साधारण आठ महिन्यांनी परत मोजलं. ७ आयर्नला इम्पॅक्टला मनगट १४ अंश, म्हणजे ॲड्रेसच्या निम्म्यावर, कॅरी १४१ यार्ड. ड्रायव्हर ३ अंश बाहेरून आत आणि फेस १ अंश डावीकडे, जरा डावीकडे निघून परत येणारा छोटा फेड. ड्रॉ झालेला नाही आणि तसा तो हवाही नव्हता. हँडिकॅप १५. नवीन ग्लव्ह गादीवर झिजलेलं नाही.

मनगट दुखत नाही, पण लांब राउंडनंतर कधी जडपणा वाटतो, आणि पावसाळ्यात ओल्या रफमधून जोरात काढायला गेले की जाणवतं. त्यामुळे जाड रफमधून लांब आयर्न मारायचं नाही, वेजने बाहेर काढायचं, हा नियम कायमचा. मॅटवर एका वेळी ४० पेक्षा जास्त बॉल नाहीत.

पुन्हा अशी केस आली तर

टूर्नामेंट खेळू द्यायची की नाही यावर मी आता वेगळा विचार करीन. ग्रिप बदलताना स्कोअरकार्ड हातात असणं वाईट, चार माणसं बघत असताना तर आणखी वाईट. खेळायचंच असेल तर आधीपासून ३ वुडचा प्लॅन देऊन पाठवीन, ओबी झाल्यावर नाही.

सेन्सर पहिल्या दिवशी वापरणं ठीक, पण आकडे खेळाडूला न दाखवता आधी फोटो दाखवणं बरं. फेस डोळ्यांना दिसतो, अंश दिसत नाहीत.

बोबद्दल माझं मत कायम आहे, पण ते एस. यांच्यापुरतं. विशीतला, लवचिक, कंबर वेगाने फिरवणारा खेळाडू असेल, मनगटाला आधीचा काही त्रास नसेल, तर मी त्याला टॉपला बो शिकवायला तयार आहे. क्रिकेटची ग्रिप घेऊन आलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला नाही, त्याला आधी अडीच नकल्स.

एक गोष्ट आम्ही अजून हातात घेतलेली नाही. एस. यांचे हात मोठे आहेत आणि ग्रिप स्टँडर्ड साइजच्या, त्यामुळे ते क्लब गरजेपेक्षा आवळून धरतात आणि तो जडपणा कदाचित तिथूनही येत असेल. पुढच्या वेळी ग्रिप बदलायला टाकल्या की मिडसाइज लावून दोन क्लबवर बघायचं ठरलंय, आधी ८ आयर्न आणि सँड वेज.